रोह्याचे रूळ आणि संगणकाचें सॉकेट

मुंबईहून कोंकणांत जाणारी आगगाडी पनवेल सोडते, पेण व नागोठणें मागें टाकते आणि रोह्यास येऊन पोहोंचते. येथें मध्य रेल्वेची हद्द संपते व कोंकण रेल्वेची सुरू होते. कारभार बदलतो, हिशेब बदलतो, मार्गाची निगा राखणारे हात बदलतात. परंतु डब्यांत बसलेल्या उतारूला यांतलें कांहींच जाणवत नाहीं. त्याचें गांठोडें जागचें हलत नाहीं, कीं त्याची झोंप मोडत नाहीं. याचें कारण एवढेंच कीं, दोन्ही संस्थांनीं रुळांमधील अंतर एकच, म्हणजे १६७६ मिलिमीटर, ठेविलें आहे. त्याच रायगड जिल्ह्यांत नेरळला मात्र अगदीं निराळा अनुभव येतो. १९०७ सालीं सुरू झालेल्या माथेरानच्या छोट्या गाडीचे रूळ अवघे ६१० मिलिमीटर अंतराचे. डोंगराच्या वळणांना तें अंतर योग्यच आहे. पण मोठ्या गाडीनें आलेल्या उतारूनें खालीं उतरावें, सामान उचलावें आणि दुसऱ्या गाडींत जाऊन बसावें, याला इलाज नाहीं.

माणसांच्या प्रवासाला जी गोष्ट लागू, तीच माहितीच्या प्रवासालाही लागू आहे. १९९० च्या सुमारास मेजावरच्या लहान संगणकांच्या जगांत बहुतेक ठिकाणीं नेरळच होतें. रोहा क्वचित्‌ आढळे. ही स्थिति पालटण्यास जें एक लहानसें मॉड्यूल कारण झालें, त्याचें नांव ‘विंडोज सॉकेट्स’, आणि रोजच्या बोलण्यांत ‘विनसॉक’. आज हें नांव फारसें कोणाच्या तोंडीं नाहीं. तथापि पेणच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यांत, किंवा रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या कचेरींत, विंडोजवर चालणारा जुना संगणक बाहेरच्या जगाशीं बोलत असेल, तर तो याच मॉड्यूलच्या तोंडानें बोलतो. म्हणून त्याचें कार्य काय आणि त्याची मर्यादा कोठें, हें दोन्ही समजून घेणें सामान्य कुटुंबाच्याही हिताचें आहे.

प्रथम अडचण काय होती तें पाहावें. १९९२ सालीं बाजारांत आलेल्या ‘विंडोज ३.१’ या प्रणालींत इंटरनेटवर बोलण्याची सोय नव्हती. ती भाषा, म्हणजे ‘टीसीपी-आयपी’ या नांवानें ओळखली जाणारी नियमावलि, संगणकास शिकविणारे प्रोग्रॅम निरनिराळ्या कंपन्या विकीत असत. एफटीपी सॉफ्टवेअर, नेटमॅनेज, नोव्हेल, सन अशीं त्यांतलीं कांहीं नांवें. प्रत्येकीचा माल आपापल्या परीनें चांगला; परंतु त्या मालाशीं बोलण्याची रीति प्रत्येकीची वेगळी. टपाल वाचण्याचा एखादा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास तो एका कंपनीसाठीं लिहावा लागे, मग दुसरीसाठीं पुन्हा, मग तिसरीसाठीं पुन्हा. ग्राहकासही एका कंपनीचा माल घेतल्यावर दुसऱ्याच कंपनीसाठीं लिहिलेला प्रोग्रॅम निरुपयोगी ठरे. जेथें तेथें सामान उतरावें आणि पुन्हा चढवावें, असा तो प्रकार होता.

या गोंधळांतून वाट दाखविणारी कल्पना मात्र आधींच अस्तित्वांत होती. कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील विद्यापीठानें १९८३ सालीं आपल्या युनिक्स प्रणालीची ४.२ ही आवृत्ति प्रसिद्ध केली, तींत ‘सॉकेट’ नांवाची योजना होती. सॉकेट म्हणजे प्रोग्रॅम आणि जाळें यांच्यामधील खिडकी. खिडकीच्या आंत प्रोग्रॅम बसतो. बाहेर तारा, मोडेम, उपग्रह वाटेल तें असो. प्रोग्रॅमला फक्त खिडकींतून कागद द्यावयाचा व घ्यावयाचा असतो.

दूरध्वनीच्या उदाहरणानें हें अधिक स्पष्ट होईल. पेणचा संकेतांक ०२१४३ आणि रोह्याचा ०२१९४. पेणच्या व्यापाऱ्यास रोह्याच्या एखाद्या कारखान्यांतील हिशेबनिसाशीं बोलावयाचें असेल, तर तो प्रथम संकेतांकासह कारखान्याचा क्रमांक फिरवितो आणि मग आंतील विभागाचा क्रमांक सांगतो. संगणकांतही असेंच आहे. यंत्राचा पत्ता म्हणजे चार आंकड्यांची एक जुळणी. त्यांतील प्रत्येक आंकडा ० ते २५५ मधला. या पत्त्यानें यंत्र सांपडतें. त्या यंत्रांतील कोणत्या प्रोग्रॅमशीं बोलावयाचें हें सांगणाऱ्या आंतील क्रमांकास ‘पोर्ट’ म्हणतात. तो ६५५३५ पर्यंत असूं शकतो. वेबपानांसाठीं ८०, टपाल पाठविण्यासाठीं २५, आलेलें टपाल उचलण्यासाठीं ११० असे कांहीं क्रमांक संकेतानें ठरून गेलेले आहेत.

संभाषणाचे टप्पेही ठरलेले आहेत. ज्यास हांक ऐकावयाची आहे तो प्रोग्रॅम सॉकेट उघडतो, त्यास आपला पोर्ट-क्रमांक जोडतो आणि कान देऊन बसतो. ज्यास बोलावयाचें आहे तो दुसऱ्या बाजूनें सॉकेट उघडून जोडणी मागतो. पहिला ती स्वीकारतो. मग दोघेही देतात-घेतात, आणि शेवटीं सॉकेट बंद करतात. बाइंड, लिसन, कनेक्ट, ॲक्सेप्ट, सेंड, रिसीव्ह, क्लोज या सात-आठ आज्ञांत सारा व्यवहार येऊन गेला. हीच साधी रीति विंडोजवरही आणावी असें ठरलें.

ठरलें तें कसें, हाही भाग मनन करण्यासारखा आहे. १९९१ सालच्या अखेरीस इंटरॉप नांवाच्या एका प्रदर्शनाच्या वेळीं मार्टिन हॉल यांच्या पुढाकारानें एक अनौपचारिक बैठक भरली. तींत बाजारांत एकमेकांशीं चढाओढ करणाऱ्या कंपन्यांचीं माणसें एकत्र आलीं. कोणाचा माल चांगला हा वाद त्यांनीं बाजूस ठेविला आणि खिडकीचा आकार तेवढा एकमतानें ठरविला. जून १९९२ मध्यें पहिली व जानेवारी १९९३ मध्यें सुधारलेली १.१ ही नियमावलि प्रसिद्ध झाली. तिचा गाभा असा: प्रत्येक कंपनीनें आपल्या मालाबरोबर ‘विनसॉक डॉट डीएलएल’ या एकाच नांवाची फाइल द्यावी, आणि त्या फाइलींत त्याच नांवाच्या आज्ञा त्याच अर्थानें असाव्यात. प्रोग्रॅमनें त्या फाइलीस नांवानें हांक मारावी. ती कोणी लिहिली याची चौकशी करूं नये. रोह्याच्या पुढचे रूळ कोणीं टाकले हें गाडीला विचारावें लागत नाहीं, त्याप्रमाणेंच हें झालें.

तरीही बर्कलीची रीति जशीच्या तशी उचलून चालण्यासारखें नव्हतें. जुन्या विंडोजमध्यें सर्व प्रोग्रॅम एकमेकांच्या भलेपणावर चालत. एकानें काम थांबवून जागा करून दिली तरच दुसऱ्याची पाळी येई. आतां टपालाचा प्रोग्रॅम पलीकडील उत्तराची वाट पाहात स्वस्थ बसला, तर सारा संगणकच त्याच्याबरोबर खोळंबून राहावयाचा. यावर विनसॉकनें युक्ति काढली. प्रोग्रॅमनें खिडकीशीं ताटकळत उभें राहूं नये; ‘उत्तर आलें कीं कळवा’ असें सांगून आपल्या कामास लागावें, आणि उत्तर येतांच विंडोजच्या नेहमींच्या निरोप-पद्धतीनें त्यास निरोप मिळावा. दुकानदार भिंतीवरील घड्याळाकडे पाहात पोस्टमनची वाट पाहात नाहीं. गिऱ्हाईक करीत असतो आणि पोस्टमन आला कीं हात पुढें करतो. त्यांतलाच हा प्रकार.

नवशिक्या प्रोग्रॅमकारास या मॉड्यूलचे दोन विशेष हटकून अडवीत. पहिला आंकड्यांच्या क्रमाचा. मराठी माणूस ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हां आधीं पांच येतात व मागून वीस. इंग्रज आधीं वीस म्हणतो व मागून पांच. आंकडा एकच, उच्चाराचा क्रम उलटा. संगणकांतही तसेंच आहे. इंटेलच्या प्रोसेसरवर चालणारीं यंत्रें दोन बाइटांच्या आंकड्यांतील लहान भाग आधीं ठेवतात. जाळ्यावरचा संकेत मोठा भाग आधीं ठेवण्याचा आहे. हा क्रम पालटून घेण्यासाठीं विनसॉकमध्यें स्वतंत्र आज्ञा आहेत. त्या वापरण्यास विसरलें कीं ८० या पोर्टाऐवजीं २०४८० या पोर्टावर हांक जाते, आणि तेथें कोणीच उत्तर देत नाहीं.

दुसरा विशेष प्रवाहाचा. टीसीपीच्या जोडणींतून माहिती जाते ती सुट्या पाकिटांच्या रूपानें प्रोग्रॅमच्या हातीं येत नाहीं; ती नदीसारखी वाहत येते. रोह्याच्या पुलावरून कोणी कुंडलिकेंत दोन घागरी पाणी ओतलें, तर खालच्या अंगाला उभ्या असलेल्या मनुष्यास पहिली घागर कोठें संपली व दुसरी कोठें सुरू झाली हें सांगतां येणार नाहीं. प्रोग्रॅमनें दोन निरोप लागोपाठ पाठविले, तर पलीकडे ते एकदम जोडून येतील किंवा दीड व अर्धा असे तुटूनही येतील. एकही बाइट गहाळ होत नाहीं, क्रमही चुकत नाहीं. परंतु हद्दीची खूण ज्याची त्यानेंच ठेवावयाची असते. निरोपाच्या आरंभीं त्याची लांबी लिहावी, किंवा शेवटीं ठराविक चिन्ह घालावें, हा त्यावरील उपाय.

नियमावलि झाली; पण ती घरोघर पोहोंचविली ती मोठ्या कंपन्यांनीं नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया नांवाचें बेट आहे. तेथील विद्यापीठांत काम करणारे पीटर टॅटम यांनीं ‘ट्रंपेट विनसॉक’ नांवाचा प्रोग्रॅम लिहिला आणि ‘आधीं वापरून पाहा, उपयोगी वाटल्यास पैसे पाठवा’ या तत्त्वावर १९९४ सालीं खुला केला. साध्या दूरध्वनीच्या तारेवरून विंडोज ३.१ चा संगणक इंटरनेटला जोडतां येऊं लागला तो मुख्यतः यामुळें. तो अगणित लोकांनीं वापरला, मासिकांबरोबर चकत्यांवरून वांटला. पैसे मात्र फार थोड्यांनीं पाठविले. पुढें २०११ सालीं या ऋणाची आठवण झालेल्या कांहीं लोकांनीं एकमेकांस आवाहन करून त्यांच्याकडे यथाशक्ति रकमा धाडल्या. सार्वजनिक सोयीचा लाभ सर्वांनीं घ्यावयाचा आणि ती उभारणाऱ्याचा विसर पाडावयाचा, ही रीति केवळ गांवच्या विहिरीपुरती नाहीं, हें यावरून दिसतें.

भारतांत सामान्य नागरिकांसाठीं इंटरनेट खुलें झालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. विदेश संचार निगमानें मुंबईसह कांहीं मोठ्या शहरांतून ही सोय सुरू केली. नवव्या दिवशीं, २४ ऑगस्टला, अमेरिकेंत ‘विंडोज ९५’ बाहेर पडलें. त्यांत विनसॉक मूळचेंच अंतर्भूत होतें. निराळी फाइल आणून बसविण्याची गरज उरली नाहीं. निगमाच्या खात्यांचे मुख्यतः दोन प्रकार होते. एकांत ग्राहकाचा संगणक नुसता पडदा व कळफलक बने. काम सारें निगमाच्या यंत्रावर चाले आणि अक्षरें तेवढीं घरीं दिसत. दुसऱ्यांत ग्राहकाचा संगणक स्वतःच इंटरनेटचा घटक होई. या दुसऱ्या प्रकारालाच विनसॉकची आवश्यकता होती, आणि चित्रें दिसत तीं यांतच.

पेण-रोह्याच्या मनुष्यास त्या आरंभींच्या दिवसांत मुंबईचें केंद्र दूरध्वनीवरून गांठावयाचें म्हणजे बाहेरगांवच्या दरानें मिनिटें मोजावीं लागत. वेग तरी केवढा? सेकंदास २८,८०० बिट वाहून नेणारा मोडेम त्या काळीं उत्तम समजला जाई. आठ बिटांचा एक बाइट या हिशेबानें सेकंदास ३,६०० बाइट. गणेशमूर्तीचें एखादें छायाचित्र ३ लक्ष ६० हजार बाइटांचें असेल, तर तें एकट्यानें शंभर सेकंद घेई, तेंही तार निर्वेध असली तर. आज परदेशचा ग्राहक पेणची मूर्ति पडद्यावर निरखून पसंत करतो तेव्हां प्रवासाचा वेग हजारों पटींनीं वाढलेला असतो. खिडकी मात्र तीच असते. विनसॉकची पुढची, दुसरी आवृत्ति आजच्या विंडोजमध्येंही आहे, आणि तिच्या आज्ञांचीं नांवें बव्हंशीं पूर्वींचींच आहेत.

लहान कचेऱ्यांतून या मॉड्यूलचें एक सोपें रूप विशेष रुळलें. १९९८ सालच्या ‘व्हिज्युअल बेसिक ६’ बरोबर विनसॉकचा एक तयार घटक मिळे. तो फॉर्मवर आणून ठेवावा, पलीकडील यंत्राचें नांव व पोर्ट लिहावा, कीं जोडणीची तयारी झाली. वजनकांट्यावरील आंकडा हिशेबाच्या संगणकास कळविणें, गोदामांतील नोंद कचेरींत पोहोंचविणें, अशीं कामें त्यावर सहज उभीं राहात. त्याची अवस्था ० ते ९ या आंकड्यांनीं कळते: ० म्हणजे बंद, २ म्हणजे ऐकत बसलेला, ७ म्हणजे जोडलेला, ९ म्हणजे दोष. दोषाचा क्रमांकही बोलका असतो. १००६१ आला तर समजावें कीं पलीकडचें यंत्र जागें आहे, पण त्या पोर्टावर कोणी ऐकत नाहीं. १००६० आला तर तिकडून उत्तरच नाहीं. ११००१ आला तर यंत्राचें नांवच सांपडलें नाहीं. एवढें ज्यास ठाऊक आहे, त्याचा निम्मा त्रास दुरुस्तीवाल्यास बोलाविण्यापूर्वींच वांचतो.

येथवर या मॉड्यूलची थोरवी झाली. आतां मर्यादा पाहावयाची. रुळांचें अंतर जुळलें म्हणजे गाडी जाऊं शकते. ती सुखरूप पोहोंचेल असें त्यावरून ठरत नाहीं. त्यासाठीं सिग्नल लागतो. विनसॉक जोडणी करून देतें. जोडणारा कोण, त्याचा हेतु काय, मधल्या वाटेवर पत्र कोणी फोडून वाचतो कीं काय, याची चौकशी तें करीत नाहीं. ती जबाबदारी वरच्या थराची आहे. त्यासाठीं टीएलएस नांवाची गुप्तलेखनाची पद्धति असते. तिच्या १.० व १.१ या जुन्या आवृत्ति मार्च २०२१ मध्यें अधिकृतपणें कालबाह्य ठरविण्यांत आल्या. परिणाम असा कीं, जुना संगणक आजही सॉकेट उघडतो, पलीकडील यंत्र हांकेला ओ देतें, आणि लगेच संभाषण तुटतें. दोघांची खिडकी एक आहे. कुलपाच्या किल्ल्या निराळ्या झाल्या आहेत. मालकाला वाटतें इंटरनेट बिघडलें. वस्तुतः बिघडलेलें कांहींच नसतें, काळ पुढें गेलेला असतो.

याहून गंभीर गोष्ट कान देऊन बसलेल्या सॉकेटची. तें म्हणजे रस्त्याकडे उघडणारें दार होय. जून २०१७ मध्यें संगणकांस निकामी करणारी एक साथ जगभर पसरली आणि तिचा तडाखा याच रायगड जिल्ह्यांत, पेणच्या शेजारच्या उरण तालुक्यांतील जवाहरलाल नेहरू बंदरास बसला. तेथील एका टर्मिनलचें संगणकीय कामकाज बंद पडलें आणि कंटेनरांची वाहतूक खोळंबली. त्या साथीचा एक मार्ग विंडोजच्या फाइली वांटून घेण्याच्या सेवेंतील उणिवेचा होता. ही सेवा ४४५ या पोर्टावर ऐकत बसलेली असते. उणीव बुजविणारी दुरुस्ती त्याच वर्षींच्या मार्च महिन्यांत निघाली होती. परंतु एखादें यंत्र दुरुस्तीवांचून राहिलें, तर त्यांत शिरलेला उपद्रव तेथील परवानग्या चोरून दुरुस्त यंत्रांतही शिरूं शकत असे. दोष सॉकेटचा नव्हता. रूळ जसा मालगाडीस चालतो तसाच दरोडेखोराच्या ढकलगाडीसही चालतो.

यावरून जुना संगणक मोडींत काढावा असा अर्थ कोणीं काढूं नये. वजनकांट्याशीं किंवा छपाईयंत्राशीं इमानानें बोलणारें जुनें यंत्र कचेरीच्या आंतल्या जाळ्यावर वर्षानुवर्षें काम देऊं शकतें. फक्त त्यास इंटरनेटच्या उघड्या रस्त्यावर बसवूं नये. त्याचे कोणते पोर्ट ऐकत आहेत हें जाणत्याकडून पाहून घ्यावें. नको असलेलीं दारें बंद करावीं. त्यांतील हिशेबाची प्रत दुसरीकडे नियमानें ठेवावी. आणि बाहेरचें टपाल व बँकेचा व्यवहार दुरुस्त्या मिळत असलेल्या नव्या यंत्रावर करावा. विंडोज १० ची नेहमींची विनामूल्य दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली, हेंही येथें ध्यानांत ठेवणें इष्ट.

रोह्याच्या फलाटावर गाडी थांबते, सुटते, आणि एका संस्थेच्या रुळांवरून दुसरीच्या रुळांवर निघून जाते. ज्यांनीं तें अंतर जुळविलें त्यांचें स्मरण कोणी करीत नाहीं, आणि सिग्नल राखणाऱ्याचेंही नाहीं. परंतु प्रवास होतो तो पहिल्यांच्या एकमतामुळें, आणि उतारू घरीं पोहोंचतो तो दुसऱ्याच्या जागरणामुळें. संगणकाच्या जगांत पहिलें काम तीन दशकांपूर्वींच होऊन गेलें आहे. दुसरें मात्र प्रत्येक घरानें व प्रत्येक कचेरीनें रोजच्या रोज करावयाचें असतें.